सेल्माच्या नावाची गाडी

सेल्मा कारवोनेनला निळी गाडी हवी होती. दोन दारांची, बुटकी, जुन्या गाड्या विकणाऱ्या पेल्कीच्या अंगणात कुंपणाला टेकून उभी असलेली. तिच्या बाबाने ती चारही बाजूंनी पाहिली, गुडघे टेकून खालून पाहिली आणि तो हात झटकत उठला.

"ही गाडी नव्हे, चप्पल आहे. पायात घालून नाचायला बरी."

"मग नाचते ना मी!"

"बर्फ पडल्यावर टेकडीच्या उतारावर नाचशील?"

बाबा बावीस वर्षं काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवत होता. सुपीरियर तलावावरून वारा सुटला की पहाटे तीनला घराबाहेर पडायचा आणि कुठल्या वळणावर कोणाची गाडी उलटी झाली ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. उलट्या गाड्यांतून त्याने पोरं बाहेर काढली होती. त्यांची नावं तो घरी कधी सांगत नसे, पण त्या दिवशी जेवताना पाव नुसता कुस्करत बसायचा.

फेब्रुवारीत तो आपण होऊन म्हणाला होता, "सप्टेंबरात तुला सोळा पूर्ण होतील, लायसन मिळेल. गाडी आत्तापासून बघायला घेऊ." आणि तेव्हापासून प्रत्येक शनिवार त्या दोघांचा झाला. हॅनकॉक, बारागा, लान्स अशी आसपासची गावं, कधी त्याहूनही लांब. दुपारी बाबाच्या स्वतःच्या छोट्या ट्रकमध्ये बसूनच खिमा-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी खायच्या, संध्याकाळी घरी येऊन सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायची. कारवोनेन माणसं बोलण्यात कंजूष. सेल्माला वाटायचं, बाबा तिच्याशी आख्ख्या जन्मात बोलला नसेल इतका या शनिवारांत बोलला. विकणाऱ्याला प्रश्न तो तिलाच विचारायला लावायचा. खाली गंज कुठे शोधायचा, स्टेपनी कशी बदलायची, सगळं तिच्याकडून करून घ्यायचा. मार्चमध्ये शाळेच्या रिकाम्या पटांगणात, काचेसारख्या बर्फावर, त्याने तिला त्याचा ट्रक मुद्दाम घसरवायला लावला.

"ब्रेकवर पाय नाही! नाही म्हटलं ना! जिथं जायचंय तिकडे बघ, हात आपोआप वळतात. पुन्हा."

तिने चाळीसेक वेळा घसरवला. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "आता तुझ्या शेजारी मला झोप लागेल." शाळेत मिळालेली कुठलीच शाबासकी तिला एवढी गोड लागली नव्हती.

एकच गोष्ट तिला चमत्कारिक वाटायची. प्रत्येक गाडीची डिकी उघडून तो टेप लावायचा. रुंदी, उंची, डिकीचा काठ जमिनीपासून किती. पुढच्या सीटची उंचीसुद्धा.

"हे कशाला?"

"तुझ्या स्कीज नकोत मावायला?"

"स्कीज लांब असतात बाबा, रुंद नसतात."

"तू प्रश्न विचार. मापं मी घेतो."

जूनमध्ये त्याला हवी ती सापडली, तीसुद्धा पेल्कीकडेच. राखाडी, लांबोडी वॅगन, मागचं दार वर उघडणारी. शाळेत या गाडीला सगळे शववाहिका म्हणणार हे सेल्माला तिथल्या तिथे कळलं. पण बाबा बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "ही घेतलीस तर मी निश्चिंत," आणि तिने मान हलवली. हॉटेलात भांडी घासून साठवलेले सगळे पैसे तिने दिले, उरलेले त्याने घातले. पेल्कीच्या टेबलावर त्याने एका कागदावर बोट ठेवलं. "कर सही, मालकीणबाई." तिने न वाचता सही केली. बाबाने पुढे केलेला कागद कोण वाचतं?

लायसन मिळालं त्या दिवशी आयला आत्या, म्हणजे बाबाची बहीण, वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली. आईने किल्लीला लाल फीत बांधली होती. आईचं आजारपण पाच वर्षांचं. मेंदूकडून पायांकडे निरोपच नीट जात नाहीत, असं ती स्वतःच हसत सांगायची. घरात काठी, बाहेर चाकांची खुर्ची. गाडी चालवणं केव्हाच सुटलेलं. महिन्यातून एकदा मार्क्वेटच्या हॉस्पिटलात सलाईनमधून औषध घ्यायला जावं लागे, जायला दोन तास, यायला दोन. बाबा नेत असे.

पुढचे तीन आठवडे सेल्मा हवेत होती. शववाहिका तर शववाहिका, सहा मैत्रिणी कोंबून ती तलावाकाठी न्यायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बाबा म्हणाला, "मला आयलाकडे सोड. ट्रक तिथं ठेवलाय."

ती आनंदाने निघाली. रस्त्यात बाबा एकदाही "आरसा बघ" म्हणाला नाही. आत्याच्या अंगणात वळल्यावर ट्रक दिसला. मागे ताडपत्री घट्ट बांधलेली, तिच्या कडेखालून बाबाची हत्यारांची पेटी आणि त्याच्या स्कीजची टोकं बाहेर आलेली. आत्या पायरीवर उभी होती. सेल्माने हात हलवला तशी ती आत निघून गेली.

"इंजिन बंद कर," बाबा म्हणाला.

तिने केलं.

"मी डुलूथला चाललोय. बंदरावर काम मिळालंय."

"किती दिवस?"

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. "राहायलाच चाललोय, सेल्मा."

"आणि आम्ही कधी यायचं?" हे तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं की प्रश्न चुकला. "एकटाच आहेस तिथं?"

"रेने म्हणून एक बाई आहे."

ती बराच वेळ किल्लीच्या लाल फितीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आईला कधी सांगणार?"

"तिला माहीत आहे. फेब्रुवारीपासून." त्याने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, पुन्हा आत वाकला. "हिवाळ्याचे टायर तळघरात आहेत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची वाट बघू नकोस, आधीच बसवून घे."

"मला तुला इथं सोडायला लावलंस तू," ती म्हणाली. "घरीच सांगता आलं असतं तुला. पण तू मला गाडी चालवायला लावून इथं आणलंस."

"घरी जमलं नसतं मला."

तो खरंच एवढंच बोलला. ट्रक रस्त्याला लागला, वळला आणि झाडांमागे गेला. आत्याच्या स्वयंपाकघराचा पडदा हलला. सेल्माने गाडी मागे घेतली, नियमाप्रमाणे मान वळवून बघितलं आणि घरी आली.

आई टेबलाशी बसून सफरचंदं सोलत होती. सुरी थांबली नाही.

"गेला?"

"तुला माहीत होतं."

"हो."

"आठ महिने! आठ महिने तू मला विचारायचीस, आज कुठल्या गाड्या बघितल्या? आणि मी सांगत बसायचे!"

"मी त्याला एकच अट घातली होती," आई म्हणाली. "सेल्माच्या हातात लायसन आणि दारात गाडी आल्याशिवाय जायचं नाही. मला हॉस्पिटलात कोण नेणार? आयला नेईल एकदा, दोनदा. टॅक्सी इथं येते का?"

"म्हणजे मी ड्रायव्हर. त्याच्या जागी भरती केलेली." सेल्माचा आवाज फाटला. "त्याने मला शिकवलं ते... ते सगळे शनिवार..."

"ते त्याला आवडायचे, एवढं मला दिसत होतं."

"आवडायचे तर राहिला का नाही?"

आईने सुरी खाली ठेवली.

"मला सांगायचं होतंस," सेल्मा म्हणाली. "मला एकदा तरी विचारायचं होतंस."

"तुला कळलं असतं तर तू त्याला अडवलं असतंस. आणि तुझ्यासाठी तो थांबलाही असता. तसा थांबलेला मला नको होता, बाळा. मीही माणूस आहे."

सेल्मा खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. रागावायचं कोणावर, हेही नीट ठरेना. एकाने फसवलं असतं तर दुसऱ्याच्या कुशीत तरी जाता आलं असतं. इथे घरातली सगळी मोठी माणसं एका बाजूला होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती सरळ पेल्कीकडे गेली. निळी गाडी अजून होती.

"मला ही बदलून हवीय," ती म्हणाली.

म्हातारा पेल्की सज्जन माणूस. त्याने चष्मा लावून कागद काढले, वाचले, आणि चष्मा काढून पुसत बसला. "पोरी, यासाठी आईची सही लागेल."

"का? गाडी माझी आहे. मी सही केलीय."

"तू केलीस ती विम्यावर, चालवणारी म्हणून. गाडी तुझ्या आईच्या नावावर आहे. अपंगांच्या नंबरप्लेटचा अर्जसुद्धा तिच्याच नावाने गेलाय. वेनने, तुझ्या बाबाने, मेमध्येच येऊन मला सांगून ठेवलं होतं, कशी गाडी हवी ते." सेल्माचा चेहरा बघून तो गडबडला. "तुला ठाऊक असेल असं धरून चाललो मी. मला वाटलं, घरात बोलणं झालंय."

"झालंय," सेल्मा म्हणाली. "फक्त माझ्याशी नाही."

गुरुवारी मार्क्वेटची खेप होती. ती नाही म्हणू शकत होती का? औषध चुकलं की आईचा हातही काम करेनासा होतो, हे तिने पाहिलेलं होतं. सकाळी तिने आईला गाडीशी आणलं. आईने खुर्चीतून अंग उचललं आणि ती सीटवर अलगद सरकली, जराही वाकावं लागलं नाही. सेल्माने मागचं दार वर उचललं, खुर्ची न मिटताच आत ढकलली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली.

ती तिथेच, डिकीत हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं?" आतून आई म्हणाली.

"तुझ्या खुर्चीचं माप कधी घेतलं त्याने?"

आई म्हणाली, "वसंतात. मला म्हणाला, पायऱ्यांवर उतार बांधायचाय."

"बांधला?"

"नाही."

म्हणजे आईलाही सगळं सांगितलं नव्हतं. सेल्माला वाटलं होतं, हे कळून थोडं बरं वाटेल. नाही वाटलं.

लान्सच्या पुढे पाऊस बर्फाळ झाला. पुढच्या वळणावर समोरच्या ट्रकचे लाल दिवे एकदम पेटले आणि वॅगनची मागची बाजू हळूच, अगदी आळसावून बाहेर सरकायला लागली. आईने दाराची कड धरली. सेल्माचा पाय ब्रेकवर गेला नाही. जिथे जायचं होतं तिकडे तिने बघितलं, हात आपोआप वळले, गाडी एकदा डोलून सरळ झाली. कडेच्या खड्ड्याला हातभर अंतर राहिलं होतं.

मैलभराने आईने दाराची कड सोडली.

"शिकवतो चांगलं," आई म्हणाली.

"गप्प बस, आई." आणि मग सेल्मा रडली, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, कारण डोळे पुसायला हात सोडायचा नाही हेही त्यानेच सांगितलेलं होतं.

त्या रविवारी ती आयला आत्याकडे गेली. आत्याने दारातच रडायला सुरुवात केली. भाऊ आहे, मी काय करणार, तुझ्या गोठ्यात सामान ठेवू का म्हणाला, नाही कसं म्हणू.

"नाही म्हणता येत नाही ना तुला?" सेल्मा म्हणाली. "मग मलाही म्हणू नकोस. एक महिना सोडून एक, मार्क्वेटची खेप तुझी. वॅगन घेऊन जा. मी किल्ली आणून देईन."

"अगं, मला एवढा लांबचा रस्ता..."

"मलाही लांबच आहे, आत्या."

आत्या कबूल झाली. पहिल्या खेपेला ती इतकी हळू गेली की दोघींना परतायला काळोख झाला, पण त्यानंतर तिने एकही चुकवली नाही.

बाबा दर रविवारी फोन करायचा. तेल बदललं का, टायरमध्ये हवा किती, वायपर कसे आहेत. सेल्मा गाडीपुरती उत्तरं द्यायची. ख्रिसमसआधी तो म्हणाला, "मी विचार करत होतो. तुला स्वतःची एक लहानशी गाडी हवी. इकडे डुलूथला बऱ्याच असतात. शनिवारी ये. आपण दोघं बघू."

शनिवार हा शब्द ऐकून तिचं मन क्षणभर वेडं झालं. ट्रकमधल्या पेस्टीचा वास आल्यासारखा वाटला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नको," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा हॉटेलात भांडी घासली आणि ऑगस्टमध्ये पेल्कीकडे गेली. निळी गाडी केव्हाच कोणीतरी नेली होती. आई वॅगनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून उगाच सल्ले देत होती. "ती पिवळी घे, हरवली तर सापडेल." सेल्माला हसू आलं, गेल्या वर्षभरात आईच्या बोलण्यावर पहिल्यांदा. सगळं माफ झालं होतं असं नाही. पण गंज कुठे शोधायचा हे तिला ठाऊक होतं, प्रश्न विचारायची सवय होती, आणि यावेळी तिने प्रत्येक कागद दोनदा वाचला. म्हाताऱ्या पेल्कीने घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

रविवारी फोन आला.

"गाडी घेतलीस म्हणे. आयला सांगत होती. कुठली घेतलीस?"

"आहे एक."

"दोन दारांची की चार?"

"आहेत दारं."

पलीकडे त्याच्या मागे कोणीतरी भांडी आवरत होतं. "बर्फावर चालेल ना? खालून बघितलीस? मी येऊन एकदा नजर टाकू का?"

"आईला देऊ फोन?" सेल्मा म्हणाली, आणि तो नको म्हणायच्या आधीच फोन आईपुढे टेबलावर ठेवून ती बाहेर गेली.