मी, मास्तरांच्या खिशात मावलेला फोन

रिंग वाजलेली नाही, कुणी नंबर फिरवलेला नाही, तरीही मी बोलतोय. आजवर माझ्यातून सगळे बोलले, मी हूं की चूं केलं नाही. आज मात्र राहवत नाही. मी एक फोन. लहान फोन. सध्या मुक्काम एका शिंप्याच्या दुकानात, कटिंगच्या टेबलाच्या खणात, उरलीसुरली बटणं आणि एक बोथट कात्री यांच्या शेजारी.

माझ्या जन्माचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात आईबाप नसतात, हातमोजे असतात. एका हाताने काच बसवली, दुसऱ्याने पुसली, तिसऱ्याने डब्यात झोपवलं. डोळे उघडले ते थेट दुकानात, काचेच्या कपाटात. तिथे माझ्या शेजारी एक मोठा फोन उभा केलेला होता. कंपनी एक, रंग एक, आतलं सामानही सारखंच. फरक काय तो आकाराचा.

त्या फरकाने मला फार छळलं. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, "अरे वा, काय सुटसुटीत आहे!" म्हणायचं आणि मोठा घेऊन जायचं. माणसांची ही खोडच आहे. कौतुक एकाचं करायचं आणि घरी दुसऱ्याला न्यायचं. एक मोठा गेला की त्याच्या जागी दुसरा मोठा यायचा, मी आपला तिथेच. एकदा तरी कुणीतरी मला निवडावं, एवढंच मागणं होतं माझं.

मग एक दिवस ते दोघं आले. त्यातल्या पुरुषाच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती, शिलाईचं काम अर्धवट टाकून आले असावेत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बरोबर त्यांची बायको, त्या काकू. दुकानात कपडे बेतायचे आणि शिवायचे मास्तरांनी, काज, बटणं आणि तुरपाई काकूंनी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा संसार. घरातल्या जुन्या बटणांच्या फोनने मान टाकली होती, म्हणून ते नवा घ्यायला आले होते.

काकूंनी आधी मोठा उचलला.

"यात माणसाचा चेहरा केवढा दिसेल गं?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"कुणाचा बघायचाय, काकू?"

"आमच्या लेकीचा. लांब असते नोकरीला. आता तिला बाळ व्हायचंय."

मुलगी हुशार होती. तिने आम्हा दोघांवर एका बाळाचं तेच चित्र लावलं आणि आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. काकूंनी मला पाहिलं न पाहिलंसं केलं. मोठ्याला मात्र जवळ धरलं, लांब नेलं, मान किंचित तिरकी केली, आणि एका जागी थांबल्या. "हा बरा आहे हो," त्या म्हणाल्या.

"बघू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली. खरं सांगतो, फोन घ्यायला येऊन टेप लावणारा माणूस मी तेवढाच पाहिला. त्यांनी मोठ्याची लांबी घेतली, मग स्वतःच्या शर्टाच्या खिशाची. "छे! हा खिशातून डोकं वर काढणार. मी माप घ्यायला वाकलो की गिऱ्हाइकाच्या पायावर. फोन माझ्याचकडे असणार ना दिवसभर?" मग मला उचललं आणि खिशात सोडलं. मी अलगद आत गेलो. "आहा! बघ, बघ! जसा काही माझ्यासाठीच बेतलाय!" लहान पोरासारखे खूष झाले होते ते. वाकून दाखवलं, दोनदा उडी मारूनही दाखवली. काउंटरवरची मुलगी हसून हसून बेजार.

"तुम्हाला नीट बसला ना? मग झालं तर," काकू म्हणाल्या. त्यांनी मोठा फोन हळूच खाली ठेवला आणि त्याच्या काचेवर उमटलेली आपली बोटं बाहीने पुसली.

मी मात्र हवेत होतो. निवडला गेलो होतो ना! निघताना मोठ्याकडे बघून मनातल्या मनात म्हणालो, बस आता तू इथे.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. मास्तरांच्या छातीशी मी आणि खडूचा तुकडा. खडूने माझा चेहरा सदा पांढरा व्हायचा, मास्तर मला पँटवर पुसायचे. दुकानात माणसं काय काय करतात ते मी खिशातून ऐकलं. माप घेताना प्रत्येक जण पोट आत ओढतो. मग कपडे अंगाला घट्ट झाले की भांडायलाही तोच येतो. मास्तर म्हणायचे, "साहेब, त्या दिवशी श्वास रोखलात, आता जन्मभर रोखून ठेवा." गिऱ्हाईक हसायचं आणि शिवण उसवून द्या म्हणायचं.

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. मग बबडी जन्मली. ते नाव मास्तरांनी ठेवलं, खरं नाव घरात कुणी घेतच नाही. त्यानंतर मी रोज संध्याकाळी काकूंच्या हातात जाऊ लागलो, आणि मला एकेक गोष्ट कळू लागली.

मला पुढच्या बाजूने एक डोळा आहे. त्या डोळ्याला काकूंचा चेहरा कधी पूर्ण दिसायचाच नाही. त्या मला इतक्या जवळ धरायच्या की नाक काचेला टेकायचं. पलीकडून लेक हसायची, "आई, लांब धर गं फोन! नुसतं कपाळ दिसतंय तुझं."

"मग बघ की कपाळ. काय वाईट आहे?" काकू म्हणायच्या, आणि सगळे हसायचे.

काकू मोठ्या चलाख. नातीकडे बघून आधी काही बोलायच्या नाहीत. मास्तर खांद्यावरून डोकावून म्हणायचे, "अगं, दोन दात आले की हिला!" की लगेच काकू, "आले की हो! कसे तांदळासारखे दिसतायत." लेक म्हणायची, "आई, तू पाठवलेलं पिवळं झबलं घातलंय," की काकू, "शोभतंय हो पिवळं." कुणाला कधी संशय आला नाही. मला आला, कारण हे सगळं बोलताना त्यांची नजर बबडीवर नसायची, काचेच्या कडेवर असायची.

दुपारी मास्तर अस्तर आणायला बाजारात गेले की मला चार्जिंगला लावून जायचे. तेव्हा काकू हातातली सुई बाजूला ठेवायच्या आणि बबडीचा फोटो उघडायच्या. दोन बोटांनी तो मोठा करायच्या, आणखी मोठा, आणखी मोठा. मग माझ्या एवढ्याशा पडद्यावर फक्त एक डोळा मावायचा. तो बघून झाला की फोटो सरकवायच्या, मग दुसरा डोळा. मग नाक. मग हनुवटी. असं तुकड्या-तुकड्याने त्या नातीला मनात जोडायच्या. आख्खा चेहरा मोठा होऊन माझ्यात मावत नव्हता, आणि मावायचा तेवढा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मी तेव्हा किती ताणलो असतो, ताणता आलं असतं तर!

एकदा काकूंनी त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन लावला, तेव्हा सगळं कानावर आलं.

"ताई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोरे आणायला जाते सांगून गेले होते. नजरेतला मधला भाग विरत चाललाय म्हणाले. कडेचं दिसतं, मधलं जातं. चष्म्याने काही व्हायचं नाही. मोठ्या अक्षरात, मोठ्या पडद्यावर जे बघायचं ते आत्ता बघून घ्या म्हणाले."

"अगं मग मोठा फोन घे ना! घरात सांगितलंस का?"

"कसं सांगू? मोठा घ्या म्हटलं की का म्हणून विचारतील. मग सगळंच सांगावं लागेल. लेक आत्ता कुठे परत कामावर रुजू झालीये, सगळं टाकून धावत येईल ती. आणि ताई, यांनी इतक्या हौसेने घेतलाय गं हा. उड्या मारल्या होत्या दुकानात."

"वेडी आहेस. नवरा आहे तो तुझा, कुणी परका नाही."

"सांगेन गं. सांगेन कधीतरी."

ते कधीतरी काही आलं नाही. मध्ये एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला काकूंनी निळ्या दोऱ्याने काजं केली. मास्तर चिडले. "लक्ष कुठे असतं तुझं हल्ली? सारखं त्या फोनमध्ये!" काकूंनी मान खाली घालून काजं उसवली. मास्तरांचा मला फार राग आला. ज्या माणसाला शिवणीतला एक टाका वाकडा गेलेला लांबून दिसतो, त्याला समोर बसलेली बायको दिसू नये? पण राग येऊन करतो काय. मी पडलो फोन. दुसरं कुणी बोलल्याशिवाय माझा आवाज फुटत नाही.

दिवस गेले. बबडी उभी राहायला लागली, दुडुदुडु चालायला लागली. आणि माझा आवाज मधेच तुटायला लागला. मग एका दुपारी मास्तर हसत हसत दुकानात शिरले. हातात खोका होता. आतून कोण निघालं असेल? मोठा फोन. माझ्या शेजारी होता तोच नव्हे, पण त्याच घराण्यातला.

"तुला तेव्हा हाच आवडला होता ना?" मास्तर म्हणाले. "मला सगळं लक्षात आहे, बरं का! आता बबडी चालते, त्या टिचभर पडद्यात कुठे मावणार ती? बस इथे."

त्यांनी काकूंना स्टुलावर बसवलं, मोठ्याला इस्त्रीला टेकवून उभं केलं आणि लेकीला लावला. मी तिथेच टेबलावर पडलो होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, दाखव आता काकूंना त्यांची नात. मला नाही जमलं, तू दाखव.

पलीकडे रिंग जात होती. कुणी उचललं नसलं की पडद्यावर आपलाच चेहरा दिसत राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या मोठ्या पडद्यावर काकूंचा चेहरा भरून दिसत होता. पांढरे झालेले केस, सुरकुतलेले गाल.

काकूंचे डोळे भरून आले. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई! आली का माझी सोनुली? केवढी दिसतेय गं यात! गाल बघा हो, कसे वर आलेत!"

मास्तर खो खो हसले. "अगं, तिने उचलला कुठे अजून? ती तूच आहेस!"

एरवी काकूंनी लगेच काहीतरी गंमत करून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी त्यांना उशीर झाला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "उचलला नाही का?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. त्यांचं हसणं गेलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

तेवढ्यात लेकीने फोन घेतला. "आई! बाबा! नवा फोन का? बघ आई, ही बघ कोण आलीये! दिसते का आता मोठी?" बबडी मध्ये येऊन हात नाचवत होती. काकूंनी मान वळवून कडेने बघायचा प्रयत्न केला, या बाजूने, मग त्या बाजूने.

उत्तर मास्तरांनी दिलं. "दिसते तर! छान दिसते. आई जरा कामात आहे गं, मागाहून लावतो." आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना किती त्रास झाला, ते मला कळलं. त्या छातीशी मी राहिलो होतो.

मग त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि काकूंसमोर येऊन बसले.

"काहीच दिसत नाही?"

"असं नाही. तुम्ही बसलाय ते दिसतं. तोंड दिसत नाही तुमचं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. हळूहळू झालं."

"आपण फोन घ्यायला गेलो, तेव्हा?"

"तेव्हा मोठ्यात दिसत होतं हो. बऱ्यापैकी दिसत होतं."

मास्तर म्हणाले, "मग बोलली का नाहीस? एका शब्दाने बोलायचंस."

"तुमच्या खिशात मावत नव्हता ना तो," काकू म्हणाल्या.

आणि मास्तर रडले. इतकी वर्षं लोकांची हसून मापं घेणारा माणूस दोन्ही हातांत तोंड धरून रडला. "अगं, मी शिंपी आहे," ते म्हणत राहिले. "शिंपी आहे गं मी. खिसा मोठा शिवला असता."

लेक आली, काकूंना भीती होती तशीच सगळं टाकून आली. डॉक्टर झाले, दुसरे डॉक्टर झाले. सगळ्यांनी तेच सांगितलं. बबडी आजीच्या मांडीवर चढते, उतरते, खेळते. काकू तिच्या केसांवरून हात फिरवतात आणि मास्तरांना विचारतात, "आज कशी दिसतेय हो?" मास्तर सांगायला लागतात आणि अर्ध्यातच थांबतात. मग लेक उरलेलं सांगते.

मास्तरांनी आपल्या सगळ्या शर्टांचे जुने खिसे उसवले आणि मोठे लावले. फार सुबक शिवलेत. मोठा फोन त्यात आरामात बसतो, डोकं वर काढत नाही, वाकलं तरी पडत नाही. काकू तो खिसा बोटांनी चाचपतात आणि "छान झालाय हो" म्हणतात. तेवढं ऐकलं की मास्तर उठून बाहेर जातात.

तुम्हीही कधी दुकानात जाल, एक मोठा आणि एक लहान समोर ठेवाल आणि कुठला घ्यावा म्हणून घोळ घालाल. तेव्हा आमच्याकडे कमी बघा. बरोबर आलेल्या माणसाने आधी कुठला उचलला आणि तो कसा खाली ठेवला, ते बघा. का म्हणून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

कुणीतरी मला निवडावं म्हणून मी त्या कपाटात फार झुरलो होतो. आता वाटतं, त्या दिवशी मास्तरांनी मला परत काचेमागे ठेवायला हवं होतं. मी तिथे जन्मभर पडून राहिलो असतो, माझं काही बिघडलं नसतं. काकूंनी नातीचा चेहरा एकदा तरी आख्खा बघितला असता.