पाँपेईच्या स्लाइड्स

प्रोजेक्टरचा खटका पडला की भिंतीवर आधी नुसता पांढरा उजेड यायचा, आणि त्या उजेडात ह्यांची वाकलेली मान आणि चष्म्याची काडी एवढंच दिसायचं. प्रवासाहून कुणी परतलं की शनिवारी संध्याकाळी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, आणि स्लाइड्स, हा अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या आम्हा मराठी मंडळींचा शिरस्ता होता. त्या वर्षी पाळी आमची होती.

आदल्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली आणि आमची लेक गौरी गेली. तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं. मुळातला घनगंभीर आवाज आटत आटत 'हो' आणि 'नको'वर आला होता. भारतात जाताना वाटेत इटलीत उतरू, पाँपेईचे भग्नावशेष बघू, हा हट्ट माझा. तिथं तरी हा माणूस बोलेल, रडेल, निदान माझ्यावर खेकसेल, अशी वेडी आशा होती मला.

ज्वालामुखीच्या राखेखालून उकरून काढलेल्या त्या नगरीत शरदातलं पिवळं, थकलेलं ऊन पडलं होतं. छप्पर नसलेल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी हे बूट काढत.

"अहो, इथं कोण बघतंय?"

"कुणाचं तरी घर आहे ना," म्हणाले, आणि मोज्यांनीच आत गेले. मग कॅमेरा डोळ्याला लावून इतका वेळ थांबत की मला चीड येई.

त्या शनिवारी भिंतीवर एकेक चित्र उमटू लागलं. भटारखान्याची भट्टी, रथचाकांनी झिजलेला रस्ता, एकाकी स्तंभ, सगळं डाव्या कडेला सरकलेलं. उजवीकडे नुसतं गवत, नुसतं आकाश. आमच्यातल्याच सुनंदाची धाकटी मुलगी, इथेच जन्मलेली, तिनं सरळ विचारलं, "काका, व्हाय इज एव्हरीथिंग ऑन वन साइड?"

"तिथं गौरी उभी राहायची," हे म्हणाले. "नायगऱ्याला, ग्रँड कॅन्यनला, सगळीकडे. सवयीनं जागा सोडली गेली."

ज्या एका नावासाठी मी समुद्रापार गेले होते, ते नाव माझ्याच दिवाणखान्यात उच्चारलं गेलं, आणि मला काडीचंही हलकं वाटलं नाही. ह्यांनी उठून प्रोजेक्टरची वायर काढली. पुढे कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही.

राखेत गाडलेल्या परक्या माणसांना शोधायला शतकांनंतरही कुणीतरी येतं. आमची लेक कुठे उभी राहायची हे मात्र आम्हा दोघांच्याच लक्षात राहणार, आणि आम्ही गेल्यावर त्या स्लाइड्स ज्याच्या हाती पडतील तो एवढंच म्हणेल, की ह्या माणसाला फोटो काढता येत नव्हते.