मरीया-योसेफचा मुक्काम

"बाई, ते विकले गेले," चिमणी म्हणाली आणि दप्तर पोटाशी धरून चर्चमागच्या खोलीच्या दारातच उभी राहिली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय विकलं गेलं, बाळ? आधी आत तर ये."

"मरीया आणि योसेफ."

तिच्यामागून तिचे पप्पा आत आले. भेटवस्तूंच्या दुकानाचे मालक. बोलण्यात एरवी कुणाला हार जायचे नाहीत, पण आज काखेत एक खोकं धरून मागेच रेंगाळत होते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई याच खोलीत दर रविवारी लहान मुलांना शिकवत. एका वर्षी त्यांनी विचारलं, "नाताळ म्हणजे काय रे?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सेल!" बाई हसल्या खऱ्या, पण घरी आल्यावर ते यजमानांना सांगितल्यावाचून त्यांना राहवलं नाही. त्यांचे यजमान मुलांना सुतारकाम शिकवायचे. त्यांनी पटाशी हातात घेतली आणि वीतभर उंचीची जोडी कोरली: थकलेली मरीया, काठी टेकत चाललेला योसेफ. आणि मुठीत मावेल एवढं बाळ.

तेव्हापासून डिसेंबर लागला की ही जोडी मुलांच्या घरी एकेक रात्र मुक्कामाला जायची. नियम एकच. जागा आपण करायची, आईला कामाला लावायचं नाही. बाळ मात्र बाईंच्या पर्समध्ये रुमालात राही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे चर्चमधल्या गव्हाणीपाशी भेटायचे.

ती संध्याकाळ आजच होती.

"काल रात्री ते आमच्याकडे होते, पण घरात सगळीकडे खोकीच खोकी होती," चिमणी मुसमुसत म्हणाली. "पलंगाखालीपण. म्हणून मी त्यांना दुकानातल्या फळीवर ठेवलं. मला वाटलं, तिथे दिवे आहेत, त्यांना बरं वाटेल."

"आणि सकाळी काउंटरवरच्या मुलीनं किमतीची चिठ्ठी चिकटवून देऊन टाकले," पप्पा घाईघाईने म्हणाले. "तिला काय ठाऊक! कुणाला दिले, तेही आठवत नाही म्हणते. बाई, मी नवा संच आणलाय. एकदम भारी. बटण दाबलं की तारा चमकतो, गाणंसुद्धा वाजतं."

बाईंनी त्या चकचकीत खोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मरीयेच्या पाठीवर एक गुळगुळीत जागा होती, त्यांनी अंगठ्याने घासून घासून केलेली. बाई कधी कधी तिथे आपला अंगठा ठेवत.

"रडू नकोस," त्या चिमणीला म्हणाल्या. "तू त्यांना उजेडात ठेवलंस. वाईट काय केलंस?"

तोवर बाकीची मुलंही जमली होती. त्यातला एक प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तो म्हणाला, "बाई, ते हरवलेले नाहीत. मुक्कामालाच गेलेत. फक्त कुणाकडे, ते आपल्याला माहीत नाही."

"मग विचारायला हवं," चिमणी म्हणाली.

वरात निघाली. पुढे मुलं, मधे बाई, मागे खोकं काखोटीला मारलेले पप्पा. बाजार गर्दीने फुलला होता. मुलं प्रत्येक दुकानाच्या पायरीवर उभी राहून विचारत, "मरीया आणि योसेफ इथे आलेत का?"

"नावानं ऑर्डर होती का?" केकवाला मान वर न करता म्हणाला.

"लाल टोपीतला म्हातारा आहे, तो चालेल?" खेळणीवाल्याने विचारलं.

चपलांचा दुकानदार त्यांच्याच चर्चच्या मंडळीतला, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. "बाळांनो, आज इथे मुळीच जागा नाही, नंतर या..." म्हणता म्हणता त्याची जीभ अडखळली. तो मुलांकडे बघतच राहिला.

आधी पप्पा शरमेनं लांब उभे राहत होते. पुढे पुढे मुलांचे आवाज बसले, तेव्हा तेच पुढे होऊन विचारू लागले.

गल्लीच्या टोकाला लाँड्री होती. इस्त्री करणाऱ्या बाईनं प्रश्न ऐकला आणि इस्त्री उभी करून ठेवली. "एक बाई न् काठीवाला बाप्या? लाकडाचे? आहेत की. या ना."

मागे तिची खोली होती. एक खाट, एक ट्रंक. ट्रंकेवर घडी घातलेला, इस्त्रीने अजून कोमट असलेला टॉवेल, आणि त्यावर ते दोघं.

"दुकानात सगळेच हसत होते हो," ती म्हणाली. "तो दाढीवाला, हरणं, बाहुल्या. हे दोघंच दमलेले दिसले. म्हटलं, चला माझ्या घरी. कोण आहेत ते नाही मला ठाऊक. तुमचे असतील तर न्या." तिनं मरीयेला उचललं, तेव्हा तिचा अंगठा नेमका त्या गुळगुळीत जागेवर पडला.

"नेऊ या, बाई?" चिमणीने हळूच विचारलं.

"ने" हा शब्द बाईंच्या अगदी ओठावर आला होता. त्यांनी टॉवेलाकडे पाहिलं, त्याच्या सरळ केलेल्या कडांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कोण आहेत ते त्यांना ठाऊक नाही म्हणतात. तू सांग."

चिमणीने नाक पुसलं. "हिच्या पोटात बाळ आहे. ते दोघं लांबून चालत आले. गावात खूप गर्दी होती. कुणीच जागा देईना."

"अगं बाई! अशा दिवसांत? मग?"

चिमणी थोडी थांबली. "मग तुम्ही दिलीत."

इस्त्रीवालीने मरीयेला परत ठेवलं आणि टॉवेलाला आणखी एक घडी घालून तो जाड केला. दारात उभ्या पप्पांना दुकानातून फोन येत होता. त्यांनी तो बंद केला आणि हातातलं खोकं खाली ठेवलं.

बाईंनी पर्स उघडली.

"बाई, पण चर्चमधली गव्हाणी?" वकील कुजबुजला.

"तिथे आज नुसतं गवत राहू दे. आपण जाऊन सांगू, कुठे जन्मला ते."

त्यांनी बाळ चिमणीच्या ओंजळीत दिलं. चिमणीने ते दोघांच्या मधे, कोमट जागी ठेवलं. इस्त्रीवालीने पदर डोक्यावर घेतला. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना मुलं पुढे धावली. बाई मागे राहिल्या. हातात बाळाचा रिकामा रुमाल होता. दिव्याच्या खांबाखाली थांबून त्यांनी त्याची नीट घडी घातली, मग नाकाशी धरला. लाकडाचा वास अजून होता.