झाकणाखालचे थेंब

"सेन्सेई, गेलेला माणूस अजून जातच असतो का हो?"

हे भर वर्गात विचारलंस तर दोन दोरायाकी खायला घालू, अशी पैज मैत्रिणींनी मित्सुहोशी लावली होती. वर्ग खिदळला. व्याकरणाच्या कुराता सेन्सेईंनी मात्र खडू खाली ठेवला.

"प्रश्न बरा आहे. आपल्या जपानीत 'जेवणे'ला 'इरु' हा 'असणे'चा शब्द जोडला की माणूस जेवतोय, घास तोंडात आहे. 'जाणे'ला तोच 'इरु' जोडला, की तो वाटेवर नसतो. गेलाय, आणि तिथं आहे. जाणं संपलं, गेलेलं असणं चालू आहे."

"म्हणजे आमची मित्सुहो," मागून रिसा कुजबुजली. "बाकावर असते, पण गेलेली असते."

मित्सुहोला ऐकूच आलं नाही. खिडकीबाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेलं वाकामे, समुद्रातलं शेवाळ, हलत होतं आणि अख्खा वर्ग समुद्राच्या तळाशी बसल्यासारखा वाटत होता. ट्यूना मासे धरणाऱ्या बोटीवर गेलेला दादा दीड वर्ष तिला धक्क्यावरून पाठमोरा, लहान लहान होत जाणाराच दिसायचा. आज पहिल्यांदा तो कुठेतरी पोचला होता. परक्या उन्हात डेकवर बसून निवांत संत्रं सोलत होता.

दप्तरात शाळेनंतर काय करणार ते लिहायचा फॉर्म होता, उद्या द्यायचा. तिला सेंदाई शहरात जाऊन भाषा शिकायची होती. बाबांनी सांगितलं होतं, "घरचं वाकामेचं काम लिही. एक गेला तेवढा पुरे."

संध्याकाळी वाकामेच्या कामाने आईचे हात खारट होते, म्हणून पानं मित्सुहोने घेतली. दादाच्या जागेवर रोजच्यासारखं भात आणि सूप झाकून ठेवलं. झाकणाला आतून थेंब धरले की लांब गेलेलं माणूस सुखरूप, असं आई मानायची.

बाबा बसले आणि बघतच राहिले. दादाच्या पानाशेजारी आणखी एक वाडगा झाकलेला होता. निळ्या सशांच्या चित्रांचा, मित्सुहोचा स्वतःचा.

"अगं, घरात असलेल्या माणसाचं कुणी झाकून ठेवतं का?" आई म्हणाली. "कुठे लक्ष असतं तुझं?"

हात चुकला, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात आईने सवयीने दोन्ही झाकणं उचलली. दोन्हींना आतून थेंब होते. आई त्या थेंबांकडे पाहत राहिली.

"काढ तुझा वाडगा तिथून," बाबा हळूच म्हणाले.

मित्सुहो गुडघे जुळवून ताठ बसली. "राहू द्या, बाबा. फॉर्मवर मी सेंदाई लिहिणार आहे. पुढच्या एप्रिलमध्ये मी भाषा शिकायला जाणार."