खालच्या धक्क्याचा हेल

शहर एकच, नदी एकच, पण पुलाच्या वर एक बोली आणि पुलाच्या खाली दुसरी. शब्द तेच हो, सूर वेगळा. वरच्या धक्क्याकडची माणसं वाक्य पटकन तोडतात आणि शेवट वर फेकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यावर खेकसली. खालच्या धक्क्याकडची माणसं शेवटचा शब्द ताणतात, खाली उतरवतात आणि मग हळूच वर आणतात. ‘जेवलीस का’ एवढं विचारायला त्यांना अख्खी दुपार लागते, असं वरचे म्हणतात. वरच्यांशी बोलल्यावर कान शेकून घ्यावे लागतात, असं खालचे म्हणतात. दोन्हीकडचे एकापेक्षा एक शहाणे!

तर वरच्या धक्क्याकडच्या घड्याळजीची मुलगी खालच्या धक्क्यावरच्या नावाड्याच्या घरात सून म्हणून आली. आल्या दिवसापासून तिला सगळे ‘वरची’च म्हणायला लागले. तीही काही कमी नव्हती. आवाज खणखणीत, जीभ फटकळ. आपल्या इस्त्रीच्या दुकानात ती बोलायला लागली की समोरच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. “मेले तरी तुमच्यासारखं गात बोलणार नाही,” असं तिनं सासूला तोंडावर सांगितलं होतं. सासू हसली होती, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. पुढे मुलगी झाली. दिवसभर भिरभिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. भिंगरीनं एखादा शब्द ताणला की वरची लगेच टोकायची, “नीट बोल! गाऊ नकोस.” सासू तेव्हा भांडी आवरायला घ्यायची.

त्या सकाळी भिंगरी बापाबरोबर पलीकडच्या काठावरच्या आत्याकडून परत यायची होती. होडी तिकडून सुटली आणि मागून धुकं उतरलं. उतरलं म्हणजे काय, नदीच गिळली त्यानं! धक्क्याच्या वरच्या पायरीवरून खालची पायरी दिसेना. आणि धक्क्याच्या खालच्या अंगाला, फार लांब नाही, बंधारा. पाणी तिथून धाडकन खाली कोसळतं. एरवी त्याच्या आवाजाकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्या सकाळी मात्र दुसरं काही ऐकूच येईना.

वरची हातातली इस्त्री तशीच टाकून धावत आली. पायऱ्यांवर खालच्या धक्क्याच्या बायका आधीच जमल्या होत्या. जाळी विणणारी काकू होती, खानावळवाली होती, शेजारपाजारच्या झाडून सगळ्या होत्या. सासू सगळ्यात पुढे, पाण्याला पाय लावून उभी. आणि सगळ्या मिळून हाक देत होत्या. कुणाचं नाव नाही, काही नाही. नुसतं, “येऽऽ रेऽऽ... येऽऽ रेऽऽ...”

वरचीनं छातीत श्वास भरला आणि सगळ्यांच्या वर आवाज चढवला. “इकडे या! इकडे! भिंगरीला घट्ट धरा! इकडे!”

धुक्यातून नवऱ्याचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट. “वरच्या धक्क्यापाशी आलो वाटतं! होडी खाली सोडतो!”

सासू गर्रकन वळली आणि तिनं सुनेच्या तोंडावर हात दाबला.

वरचीनं तो हात झटकला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. “माझी लेक आहे त्या होडीत! आताही माझं बोलणंच खुपतं का तुम्हाला?”

“अगं बाई, खुपत नाही गं!” सासूनं धुक्याकडे हात केला. “धुक्यात त्याला डोळे नाहीत. सूर ऐकून धक्का ओळखतात ही माणसं. धक्क्यावरची घंटा काय, दोन्हीकडे सारखीच वाजते. तुझी हाक वरच्या धक्क्याची. त्याला वाटलं, आपण पुलाच्या वर आहोत. म्हणून तो खाली सोडतोय. आणि खाली...”

खाली बंधारा होता. वरचीला आत्ता उमजलं. अगं आई गं, आपल्याच तोंडानं आपण लेकीला तिकडे ढकललं!

सासू पुन्हा हाक द्यायला वळली, पण भीतीनं तिचा घसाच बसला. ओठ हलले, आवाज फुटेना. बाकीच्यांच्या हाका बंधाऱ्याच्या गर्जनेत विरायला लागल्या होत्या. आता तेवढ्या लांब पोचेल असा गळा धक्क्यावर एकच होता.

वरचीनं डोळे मिटले. कसं म्हणायचं, कुठे ताणायचं, कुठे उतरायचं, काही विचार केला नाही. विचार करायला वेळ होता कुणाकडे?

“येऽऽऽ रेऽऽऽ...”

आणि ती स्वतःच दचकली. हाक लांबच लांब गेली, खाली उतरली आणि पाण्यावरून अलगद वर आली. इतकी वर्षं जो सूर तिनं दाराबाहेर ठेवला होता, तो केव्हाच घरात येऊन तिच्या गळ्यात राहायला लागला होता, आणि तिला पत्ता नव्हता! मागून बायकांनी तोच सूर उचलला. काकूचा जाड, खानावळवालीचा चिरका, म्हाताऱ्यांचे, पोरींचे, सगळे त्या एका लाटेत मिसळले. वरचीच्या अंगावर सरसरून काटा आला. ह्या पायऱ्यांवर ह्या बायकांच्या सासवा उभ्या राहिल्या असतील, त्यांच्याही सासवा. ज्याला ती गाणं म्हणून हिणवत होती, त्यानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं घरी आणली होती. केवढं मोठं होतं ते! आणि आपण त्याच्या आत उभ्या आहोत, ह्यानं तिचा ऊर भरून आला. तरी हाक तिनं थांबवली नाही.

धुक्यातून उत्तर आलं नाही. पुन्हा हाक. पुन्हा नाही. मग वल्ह्याचा आवाज आला, घाईघाईचा, पाणी कापणारा. आणि पांढऱ्यातून होडीचं काळं टोक बाहेर आलं.

भिंगरीनं पायरीवर उडीच मारली आणि ती आईच्या गळ्यात पडली. वरचीनं तिला इतकं आवळलं की पोरगी ओरडली. नवरा उतरला, घामानं निथळत, आणि तडक आपल्या आईकडे गेला. तिचे दोन्ही हात त्यानं धरले.

“आई, आज तू वाचवलंस आम्हाला. बंधाऱ्याची ओढ लागली होती होडीला. तुझी हाक आली आणि वल्हं फिरवलं.”

सासूनं मान हलवली. बसलेल्या घशातून तिला जेमतेम बोलता आलं. “मी कुठली रे! माझा तर आवाजच गेला होता.” आणि तिनं सुनेकडे बोट केलं. “ही होती.”

नावाडी बायकोकडे बघतच राहिला. जन्म नदीवर गेलेला माणूस, हाकेवरून घर ओळखणारा. त्याला आपल्या बायकोचा आवाज ओळखता आला नव्हता.