रूळवाल्याचा पॉइंट

क्लबात त्याला सगळे रूळवालाच म्हणत. बावीस वर्षं त्याने तिथलं मातीचं टेनिस कोर्ट पाणी मारून, रूळ फिरवून, फक्कीच्या रेघा ओढून आरशासारखं ठेवलं. रॅकेट हातात घेतली ती फक्त मेंबरांच्या गाडीतून उतरवण्यापुरती. उतारापाशी रूळ थोपवणारा लोखंडी अडसर मोडलाय, हे त्याने कमिटीला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा रूळच सांगायला आला, त्याच्या उजव्या पायावरून. कमिटीने कागदावर लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि दवाखान्यात फळांची करंडी पाठवली.

पाय गुडघ्याच्या वर कापला. दवाखान्याच्या व्यायाम केंद्रातल्या बाईंनी त्याला खेळासाठीच्या तिरक्या चाकांच्या खुर्चीत बसवलं, हातात रॅकेट दिली, आणि त्याचा खेळ बघून सगळे थक्क झाले. तो झाला नाही. चेंडू कुठे पडून कुठे जाणार, हे बावीस वर्षं डोळ्यांनी गिरवलं होतं. मारायचीच काय ती परवानगी नव्हती. दोन वर्षांत तो राज्याच्या चाकखुर्ची टेनिस संघाच्या निवडीपर्यंत पोचला. निवड मातीवर, आणि मातीचं कोर्ट आसपास एकच, क्लबचं.

अध्यक्षसाहेबांनी दुपारचा एक तास दिला, उन्हात कुत्रंही फिरकत नाही तो. अट एकच. क्लबच्या वर्धापनदिनाला साहेबांशी सामना, दोघंही खुर्चीत. फोटोवाला येणार होता.

रोज तास संपला की धाकटा भाऊ रूळ ओढत यायचा. दादाची नोकरी आता त्याच्या गळ्यात होती.

“खेळ बाबा राजासारखा. मी आहेच चाकांच्या खुणा बुजवायला.”

“जळतोस काय रे?”

“पाठ जळते.” धाकटा थुंकला. “आणि अडसर अजून तस्साच आहे, दादा. विटा लावतो मी.”

वर्धापनदिनी साहेब उसन्या खुर्चीत बसले. खुर्चीला बांधणारा कमरेचा पट्टा नको म्हणाले, पँट चुरगळते. पांढरे बूट पायपट्टीवर जोडून त्यांनी आधी फोटो काढून घेतले. रूळवाल्याने सुरुवातीचे चेंडू लहान पोराला द्यावेत तसे हळू दिले. मग एक उंच टाकला, साहेबांच्या डोक्यावरून. साहेब ताडकन दोन्ही पायांवर उभे राहिले आणि हाणला.

टाळ्यांचा कडकडाट. “वा साहेब! काय फटका!”

रूळवाल्याने रॅकेट मांडीवर ठेवली. “पॉइंट माझा.”

“काय?”

“उभे राहिलात. खुर्चीवरून ढुंगण उठलं की पॉइंट गेला. नियम आहे.”

कुंपणापाशी उभी असलेली त्याची बायको डोळ्यांनी विनवत होती, गिळा हो, गिळा.

साहेब हसले. “अरे, सवय रे! पाय आपोआप उठले.”

“मलाही होती ती सवय.”

साहेब चाक ढकलत जाळीपाशी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, “निवड वीस दिवसांवर ना तुझी? कोर्ट लागेल की नाही?”

“लागेल.”

“मग?”

मग काय! तळपायाची आग मस्तकात गेली. एका पायाची का होईना, पुरली. “मग पॉइंट माझा. आणि उतारावरचा अडसर मोडलाय, साहेब. पाचव्यांदा सांगतोय. चौथ्यांदा रुळाने सांगितलं होतं.”

संध्याकाळी फाटकावर कागद चिकटला. चाकांमुळे कोर्टाचं नुकसान होत असल्याने खुर्च्यांना मनाई.

धाकटा रूळ घेऊन आला. “पडलं समाधान? एका पॉइंटसाठी सगळं घालवलंस. सर बाजूला.”

तो सरला. रूळ फिरला. त्याची वळणं, त्याचे ब्रेक, साहेबांच्या पांढऱ्या बुटांचे ठसे, सगळं दहा मिनिटांत सपाट. कोर्ट पुन्हा आरशासारखं. उद्या सकाळी साहेब त्यावर पळणार होते.

धाकट्याने रूळ उतारापाशी नेला आणि खाली दोन विटा सरकवल्या.

“तिसरी लाव,” रूळवाला फाटकातून ओरडला. “ऐकतोस का? तिसरी लाव!”