उस्तादांचे दोन डावे पाय

माजी सैनिकांच्या दवाखान्यातून फोन आला, "या वेळची तपासणी व्हिडिओवर चालेल का?" आणि उस्ताद लगेच "चालेल" म्हणाले, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय. वर्षभर हाच माणूस या प्रकाराला नावं ठेवत होता. नाडी काय फोनवर लागते, उद्या इंजेक्शनही पडद्यावरूनच टोचा म्हणावं, असं भेटेल त्याला ऐकवत होता. आणि आता म्हणे, "सोय चांगली केलीय हो. बस नको, रांग नको."

पाणी मुरत होतं उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. बुटात खडा गेला होता आणि उस्तादांना त्याचा पत्ताच लागला नव्हता. साखरेचं दुखणं जुनं, त्यामुळे जखम भरायचं नाव घेईना. उलट तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या. उस्ताद न्हाणीघराला आतून कडी लावून स्वतःच पट्टी बांधत आणि वर मोजे चढवत. झोपतानाही मोजे पाहून बायकोने विचारलं, तर म्हणाले, थंडी वाजते. त्या वेळी पंखा चालू होता.

दुखत नाही त्याअर्थी काही नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण समजूत वरवरची होती, खाली भीती होती. त्यांच्या पलटणीतला बिगुल वाजवणारा, ज्याला सगळे भोंगा म्हणत, असाच एक फोड 'सहज दाखवायला' म्हणून गेला आणि अंगठा ठेवून आला. पुढे अर्धं पाऊल गेलं. उस्ताद त्याला एकदा भेटून आले आणि परत काही त्यांची पावलं तिकडे वळली नाहीत. याची त्यांना लाज वाटे, पण जाववत नसे.

दवाखान्यात गेलं की बूट काढावे लागणार. व्हिडिओवर मात्र माणूस पाहिजे तेवढाच दिसतो.

उस्तादांची सगळी नोकरी रंगरुटांना परेड शिकवण्यात गेलेली; 'उस्ताद' हे नावही तिथलंच. तपासणी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पलटणीत प्रत्येक शहाण्या शिपायाकडे दोन मग असत: एक चहा प्यायचा आणि एक साहेबांना दाखवायचा. दाखवायच्या मगाला कधी चहा लागत नसे. साहेबालाही हे ठाऊक असे, कारण त्याच्याकडेही तसाच एक असे. तेव्हा उस्तादांनी दाखवायचा पाय नेमला. डावा.

आदल्या संध्याकाळी बायको भाजी आणायला गेल्यावर त्यांनी रंगीत तालीम केली. फोन साखरेच्या डब्याला टेकवला, डावा पाय टेबलावर चढवला आणि पडद्यात पाहिलं. बघतात तर काय, डावा पाय हुबेहूब उजवा दिसत होता! फोन आरशासारखा उलटं दाखवतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आधी हाच पाय जरा तिरपा धरून डावा म्हणून दाखवायचा, मग सरळ धरून उजवा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या पायाची नखं कापली, टाचेला तेल चोळलं आणि वर इस्त्रीचा शर्ट चढवला.

पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या. वयाने उस्तादांच्या धाकट्या मुलीएवढ्या.

"कसं काय, सुभेदारसाहेब?"

"एकदम ठीक, मॅडम."

"पायाला मुंग्या, जखम वगैरे?"

"काही नाही, मॅडम."

"डावा पाऊल दाखवा बघू." बोलण्यातली चूक ध्यानात येऊन बाई पटकन हसल्या. "डावं पाऊल."

उस्तादांनी दाखवलं. बाईंनी बोटं फाकवायला सांगितली, त्यांनी फाकवली.

"छान. आता उजवं."

उस्तादांनी टेबलाखाली मोजा चढवण्या-उतरवण्याचा बराच आवाज केला, एकदा कण्हले आणि तोच पाय पुन्हा वर आणला.

बाई पडद्याजवळ सरकल्या.

"सुभेदारसाहेब, तुम्ही सैन्यात काय करत होता?"

"परेड शिकवत होतो, मॅडम. पंचवीस वर्षं."

"म्हणजे डावा-उजवा तुम्हाला नीट कळत असेल."

"झोपेतसुद्धा."

"मग दोन्ही पाय डावेच कसे?"

उस्तादांनी फोनकडे बोट दाखवलं. "बघा ना, उजवाच दिसतोय."

"तुम्हाला उलटं दिसतं. मला सुलटच दिसतं."

उस्तादांचं पितळ इतकं उघडं पडलं की त्यांना पाय खाली घ्यायचंही सुचेना. डावा-उजवा चुकला म्हणून त्यांनी किती पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, त्याला गणतीच नव्हती. दारातून बायको म्हणाली, "डॉक्टर, यांना उद्या घेऊन येते. मोज्यासकट."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती एक अक्षरही बोलली नाही. ती रागावली असती तर उस्तादांना बरं वाटलं असतं.

तपासणीच्या खोलीत बाईंनी जखम पाहिली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड, ताठ दोरा होता.

"डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणायचं."

उस्तादांनी डोळे मिटले. डाव्या पायाला काहीतरी टोचलं.

"हो. हो. हो." ठणठणीत आवाजात, हजेरी दिल्यासारखे ते बोलत राहिले.

"आता उजवा."

ते सावध होऊन बसले. खोलीत काहीच हालचाल जाणवेना. बाई चष्मा पुसत असतील, किंवा काही लिहून घेत असतील. त्यांनी वाट पाहिली. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा खांदा घट्ट धरला.

"हो," उस्ताद म्हणाले.

"तो तुमच्या मिसेसचा हात आहे," बाई म्हणाल्या. "उघडा डोळे."

"पण उजवा राहिला की."

"झाला."

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. काडी प्रत्येक वेळी टेकताना तिने पाहिली होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही तिला भान नव्हतं. ते आपल्या पावलाकडे बघत राहिले. काल फोनवर बाईंनी 'दुखतं का?' विचारलं असतं, तर ते 'नाही' म्हणाले असते, आणि तेवढं एक खरं ठरलं असतं.

"दुखलं असतं तर तुम्ही केव्हाच धावत आला असता," बाई म्हणाल्या. "अंगठा वाचेल असं मला वाटतं. पण पायावर भार द्यायचा नाही, आणि दर आठवड्याला इथे यायचं. फोनवर नाही."

"येईन, मॅडम."

"आणखी काही त्रास?"

"काही ना..." उस्तादांच्या तोंडून सवयीने निघालंच होतं. खांद्यावरचा हात अजून तसाच होता. "आहे," ते म्हणाले. "मला फार भीती वाटते."

बाईंनी काडी खाली ठेवली, स्टूल जवळ ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "सांगा," त्या म्हणाल्या.